कशाचा पाव?

२८ ऑगस्ट २०२४, बुधवार

पाचवीच्या वर्गात आज अपूर्णांक काढले. "तीन छेद चार, यातला अंश कोणता?" विचारल्याबरोबर सगळे हात वर. वरचा अंश, खालचा छेद, मधे रेघ. पाठ आहे सगळ्यांना. मग विचारलं, "वरच्या तिनाचं काम काय आणि खालच्या चाराचं काम काय?" तेव्हा हात खाली आले. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "वरचा लहान राह्यते मॅडम, अन् खालचा मोठा." आजवर पाहिलेले बहुतेक अपूर्णांक छेदाधिकच, म्हणून त्याने नियम काढला. निरीक्षण बरोबर, नियम चूक.

जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या वाटल्या आणि चार भाग करायला सांगितले. बहुतेकांनी घडी घातली, घडीवर घडी घातली. एका मुलीने कात्रीने सरळ चार तुकडे केले, एक वीतभर, एक बोटभर. "चार त झाले ना!" तिचं म्हणणं. झाले, पण त्यांतला एक तुकडा उचलून 'एक चतुर्थांश' म्हणता येईना. कोणता उचलायचा, यावरच बाकावर भांडण लागलं. भांडण चालू दिलं. थोड्या वेळाने त्यांच्यातूनच आलं, की चार तुकडे असून भागत नाही, चार सारखे तुकडे हवेत.

मग फळ्यावर लिहिलं : तीन पेन्सिली, तीन वह्या, तीन चतुर्थांश. प्रत्येकाला एकच प्रश्न : तीन काय? पेन्सिली. तीन काय? वह्या. तीन काय? चतुर्थांश. खालचा आकडा तुकडा केवढा ते सांगतो, वरचा असे तुकडे किती ते सांगतो. दोघेही आकडेच, पण एक जातीचं नाव आहे आणि एक मोजणी. एवढं आज बसलं तर पुढचं निम्मं काम झालं. टाचणवहीत 'अंश व छेद यांची ओळख' यापुढे बरोबरची खूण केली नाही, 'सुरू' असं लिहिलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश? बरेच जण अष्टमांशाच्या बाजूने. आठ चारापेक्षा मोठे, मग संपलं. पूर्ण संख्यांची इतकी वर्षांची सवय एका तासात सुटत नाही. वर्ध्याहून आणलेली गोरस पाक बिस्किटं पिशवीत होतीच. एक पाक चौघांत, दुसरा आठ जणांत. आठ जणांच्या गटाने हातातला चुरा पाहूनच निकाल दिला. अंश सारखे असतील तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान, हा पुस्तकातला नियम मग त्यांनीच उच्चारला.

आजची खरी गोष्ट पुढे झाली. "पाव म्हणजे किती?" माझा प्रश्न. उत्तर एकमुखी : "दोनशे पन्नास!" पाव किलो साखर अडीचशे ग्रॅम, पाव लिटर तेल अडीचशे मिली. दुकानात रोज धाडतात लेकरांना, त्यांच्या लेखी पाव ही अडीचशे नावाची एक ठरलेली संख्या आहे. "मग पाव डझन केळी?" वर्ग गप्प. मग कुणीतरी हसत, "अडीचशे केळी!" त्या हसण्यातच उत्तर सुटलं. पाव डझन तीन, पाव तास पंधरा मिनिटं. एकराचे चाळीस गुंठे, तेव्हा पाव एकर दहा गुंठे. एकच पाव, आणि दर वेळी आकडा वेगळा. फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : 'कशाचा पाव?' ते पुसायचं नाही असं ठरलं.

आपल्या भाषेत या तुकड्यांना किती घरगुती नावं आहेत! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, वर पावणे आणि साडे. पाढ्यांतही एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होत्या, आणि साडेतीनपटीची औटकी. एका मुलाच्या आजोबांना औटकी अजून येते : दोन औट सात, चार औट चौदा. त्यांना अंश-छेद हे शब्द ठाऊक नसतील, पण साडेतीन रुपये भावाने बारा नग घेतले तर बेचाळीस, हे ते चष्मा न लावता सांगतात. मुलांना दीड ठाऊक आहे आणि ३/२ ठाऊक आहे. दोन्ही एकच, हे अजून ठाऊक नाही. दोन्ही घरांतलं दार उघडणं माझ्याकडे.

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा. घरचा अभ्यास वेगळा दिला. गावात, घरात, दवाखान्यात, जिथे दोन आकड्यांमधे रेघ दिसेल, आडवी की तिरपी, ते वहीत उतरवून आणायचं. कुठे दिसलं तेही लिहायचं. सोमवार-मंगळवारी पोळा, म्हणजे वेळ भरपूर. वर्ध्याजवळच्या आमच्या सावंगीत या अभ्यासाला तोटा नाही. यवतमाळ रोडला लागून एवढं मोठं रुग्णालय, त्याच्याभोवती औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी, झेरॉक्स, खानावळी. आमच्या निम्म्या लेकरांचे आईबाप तिथेच कामाला. कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी सुरक्षेत, कुणी वॉर्डात.

३ सप्टेंबर, मंगळवार, तान्हा पोळा

संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला माझ्याकडेही आली. तिघा भावंडांना मिळून एक नोट दिली. "तिघांत कशी वाटाल?" "मॅडम, आज बी शाळा?" म्हणत पळाली.

रात्री शेजारचे भाऊजी शेतावरून आले, तुरीचं बोलत होते. यंदा त्यांनी चार तासं (ओळी) सोयाबीनची आणि दोन तासं तुरीची अशी पेरणी केली आहे. त्यांचा पाचवीतला मुलगा मधेच म्हणाला, "म्हणजे अर्धी तूर." भाऊजी म्हणाले, "हट्, अर्धी कशी?" पोराचं बरोबर होतं आणि भाऊजींचंही. सोयाबीनच्या मानाने तूर निम्मी, चाराला दोन. पण शेताच्या मानाने? सहा तासांत दोन, म्हणजे एक तृतीयांश. गुणोत्तरात दोन पिकं समोरासमोर उभी राहतात. अपूर्णांकात एक पीक सबंध शेतासमोर उभं राहतं, आणि त्या शेतात ते स्वतःही असतं. ४:२ वाचून कोणी तुरीचं बियाणं अर्ध्या शेताच्या हिशेबाने आणलं, तर पोतं उरेल. हे उदाहरण वर्गात घ्यायचं. ज्याच्या घरी तूर आहे त्याला फळ्याजवळ बोलवायचं.

४ सप्टेंबर, बुधवार

वह्या भरून रेघा आल्या. त्यांची तीन घरांत वाटणी केली : अपूर्णांक आहे, नाही, आणि 'भांडू'.

१२०/८० पहिला आला, रक्तदाबाच्या चिठ्ठीवरचा. "अंश मोठा, म्हणजे अंशाधिक," एक हुशार पोरगी म्हणाली. १२० ला ८० ने भागलं तर दीड. पण दीडचा डॉक्टरला उपयोग नाही. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा, दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दोन वेगळी मापं शेजारी लिहिण्यापुरती ती रेघ. 'नाही'च्या घरात.

सातबारा आला. ७/१२. पुष्कळांच्या घरातला सगळ्यांत जपून ठेवलेला कागद. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन नमुने एका कागदावर आले म्हणून नाव जोडून पडलं. सात भागिले बारा कोणी करत नाही. 'नाही'. तारीख ५/९ सुद्धा 'नाही', उद्याचा शिक्षक दिन काही पाच नवमांश नाही.

औषधाच्या चिठ्ठीवरची १/२ गोळी मात्र अस्सल अपूर्णांक. त्यावरच एकाने विचारलं, "अर्धी गोळी खाल्ली का पूर्ण, सारखंच असू शकते का?" असू शकतं. ५०० मिलिग्रॅमची अर्धी आणि २५० ची अख्खी, पोटात जाणारं औषध तेवढंच. म्हणून दुकानदार गोळी बदलून देतो तेव्हा 'अर्धी' हा शब्द पुरत नाही, कितीची अर्धी ते पाकिटावर वाचावं लागतं. फळ्याच्या कोपऱ्यातल्या ओळीकडे दोघा-तिघांनी आपण होऊन पाहिलं.

'भांडू' या घरात एकच पडलं, पण तास त्यातच गेला : ६/६०. एका मुलीच्या आजीच्या डोळ्याच्या कागदावरचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ६/६०, नंतर ६/९. ही पद्धत हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाची, १८६२ सालची. वरचे ६ म्हणजे रुग्ण तक्त्यापासून किती मीटरवर बसला आहे. खालचे ६० म्हणजे तेच अक्षर निरोगी डोळ्याला किती मीटरवरून ओळखू यावं. निरोगी माणूस जे साठ मीटरवरून वाचेल, ते आजीला सहा मीटरवरून दिसत होतं. त्या ओळीतलं अक्षर जवळजवळ नऊ सेंटिमीटर उंच असतं, ६/६ च्या ओळीतलं नऊ मिलिमीटरच्या आसपास. दहापट. म्हणजे ही रेघ नुसती शोभेची नाही, भागाकार खरंच चालतो.

"मग सहाने भाग देऊन एक दशांश लिहू," एकाने सुचवलं. अतिसंक्षिप्त रूप द्यायची सवय चांगली आहे, आणि काही देशांत हे माप दशांशात लिहितातही. पण समजा, दुसऱ्या कुणाला सहा मीटरवरून सगळ्यांत मोठं अक्षरही दिसलं नाही, म्हणून तीन मीटरवर आणून बसवलं आणि मग दिसलं. कागदावर येईल ३/६०. त्याचे आपण १/२० केले तर किंमत तीच राहील, पण रुग्णाला पुढे सरकवावं लागलं ही हकीकत पुसली जाईल. सममूल्य अपूर्णांकांची किंमत सारखी असते. त्यांनी सांगितलेली गोष्ट सारखी असेलच असं नाही. ६/६० ला शेवटी 'आहे'च्या घरात नेलं, पण मुलांच्या आग्रहाखातर दारापाशीच बसवलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बेरीज. फळ्यावर १/२ + १/४. अपेक्षा होती तेच उत्तर आलं : २/६. वरचं वर, खालचं खाली. दर वर्षी येतं, महाराष्ट्रात येतं आणि जगात सगळीकडे येतं. नेहमीचं उत्तर ठरलेलं, "असं नाही करायचं, आधी समच्छेद करा." पण आज एकाने अडवलं. सकाळीच मी गुणतक्ता भरताना मोठ्याने वाचत होते : पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसऱ्या चाचणीत २० पैकी १५, एकूण ३० पैकी २२. तो म्हणाला, "मॅडम, तुमी त असंच जोडता. सात अन् पंधरा बावीस, दहा अन् वीस तीस. मंग आमचं काहून चुकलं?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. असा प्रश्न आला की धडा बाजूला ठेवावा.

आधी त्याचं उत्तर तपासलं. २/६ म्हणजे १/३. अर्धी पोळी खाल्ली, वर आणखी पाव खाल्ली, आणि हिशेब लागला एक तृतीयांश, म्हणजे अर्धीहून कमी? खाऊन पोळी वाढत नाही, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. मग गुणतक्त्यात तीच रीत का चालते?

दोन पोळ्या काढल्या. एकीचे दोन तुकडे, दुसरीचे चार. एकूण तुकडे सहा. प्रत्येकीतला एकेक खाल्ला, सहापैकी दोन. म्हणजे २/६ अगदीच हवेतून आलेलं नाही, काहीतरी मोजून आलं आहे. पण ते दोन तुकडे सारखे आहेत का? एक मोठा, एक लहान. पहिल्या दिवशीचं कात्रीचं भांडण पुन्हा उभं राहिलं. गुणांचं तसं नाही. पहिल्या पेपरातला एक गुण आणि दुसऱ्या पेपरातला एक गुण सारखाच धरला जातो, म्हणून तीसच्या तीस एकाच मापाचे तुकडे होतात. शिवाय तिथे पूर्ण बदललं आहे. आधी पूर्ण दहाचं होतं, मग विसाचं, आता दोन्ही पेपर मिळून तिसाचं.

आता तेच गुण अपूर्णांक म्हणून जोडू. ७/१० चे १४/२०, त्यात १५/२०, बेरीज २९/२०. "एकापेक्षा जास्त गुण कसे?" ओरड झाली. कारण इथे पूर्ण म्हणजे एक पेपर. दोन पेपरांत मिळून त्याने जवळजवळ दीड पेपराइतकं कमावलं. २२/३० आणि २९/२० दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. पहिल्याचा प्रश्न 'सगळ्या गुणांतले किती?', दुसऱ्याचा 'किती पेपर भरतील एवढं?'

समच्छेद करण्याची गरज त्यानंतर कोणाला समजावून सांगावी लागली नाही. अर्ध्याचे दोन चतुर्थांश केले की तुकडे एका जातीचे झाले. मग दोन आणि एक तीन, हे पहिलीतलं गणित. छेद का जोडत नाहीत? तीन पेन्सिलींत दोन पेन्सिली मिळवल्या तर पाच पेन्सिलीच होतात, वस्तूचं नाव बदलत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला मी फळ्यावर उभं करून पुन्हा सांगायला लावलं. त्याने माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं : "पेपर वाढले त खालचं जोडा. पोळी तेवढीच असन त जोडू नका."

१२ सप्टेंबर, गुरुवार

काल विनोबांची जयंती, त्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. मुलं आज सुस्त. रोज ज्या दवाखान्याची पाटी वाचतात त्यावरचे आचार्य विनोबा भावे कोण, विचारलं. "पवनारचे," एवढं सगळ्यांना माहीत. म्हटलं, त्यांनी आख्ख्या देशाकडे एक अपूर्णांक मागितला होता.

१९५१ च्या मार्चमध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला इथून पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत चाळीस भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमीन मागितली. गावातल्या रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झालं. पुढे मागणीला आकार आला : घरात पाच मुलगे धरा, मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या. देशातली लागवडीची जमीन तीस कोटी एकरांच्या आसपास धरून लक्ष्य ठेवलं पाच कोटी एकरांचं. तीस कोटींचा एक षष्ठांश. फळ्यावर भाग देऊन पाहिला, बरोबर आला.

मग अंश-छेदाशी खेळ. घरात चार मुलगे असतील तर विनोबा पाचवे, हिस्सा १/५. दोन असतील तर १/३. नऊ असतील तर १/१०. छेद वाढत गेला तसा विनोबांचा तुकडा लहान होत गेला, गोरस पाक पुन्हा आणावा लागला नाही. पहिल्या बाकावरची म्हणाली, "ज्याले एकच पोरगं, त्याले त अर्धी द्या लागन! तो कायले देईन?" त्यासाठीच तर घराघरातली मुलं न मोजता सगळ्यांना सहावा ठेवला असावा, असं दुसरी म्हणाली. "अन् पोरीले नाई मोजत का?" हा प्रश्न तिसरीचा. त्याचं उत्तर गणितात नाही, पण छेदात आहे : वाटणीला कोण बसतं यावर छेद ठरतो. १९५१ साली मुलींना धरून सहसा कोणी हिस्से मोजत नव्हतं. आज कायद्याने मुलगीही वारस आहे, म्हणजे पाच मुलगे आणि दोन मुली असलेल्या घरात विनोबा आठवे. तिने लगेच वहीत १/८ लिहिलं.

सहावा हिस्सा सगळ्यांना सारखा, पण जमीन? साठ एकरवाल्याचे दहा एकर गेले, पाच एकरवाल्याचे सुमारे तेहतीस गुंठे. अपूर्णांक एक, देणं वेगवेगळं. कोणाला जास्त जड गेलं असेल, यावर एकमत झालं नाही. होऊही नये.

पुढे भूदानातूनच ग्रामदान निघालं, त्यातले छेद तर मापांतूनच आले. भूमिहीनांसाठी जमिनीचा विसावा हिस्सा, बिहारात त्याला बिघ्यामागे कठ्ठा म्हणत, कारण तिथे वीस कठ्ठ्यांचा बिघा. ग्रामकोषासाठी पिकाचा चाळिसावा, कारण मणाचे शेर चाळीस. मजुरी करणाऱ्याने महिन्यातली एका दिवसाची मजुरी, म्हणजे तिसावा. १/२०, १/४०, १/३० हे आकडे वर्गात कोरडे वाटतात. ज्यांनी दिले त्यांच्या हातात त्या वेळी कठ्ठा, शेर आणि दिवस होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज मुलांना जुन्या काळात नेलं. भास्कराचार्यांची 'लीलावती' इ. स. ११५० ची. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तसा शिलालेख आहे. तेव्हाही वर अंश, खाली छेद असंच लिहीत, पण मधे रेघ नव्हती. आकडे एकावर एक नुसते मांडत. रेघ त्याच शतकात उत्तर आफ्रिकेतल्या अरबी गणितज्ञांच्या लेखनात दिसते, आपल्या शाळेत ती फार उशिरा पोहोचली. मुलांना याचा आनंद झाला, रेघ काढायचा कंटाळा करणाऱ्यांना विशेष.

'लीलावती'त एका कंजूष माणसाचं गणित आहे. त्याने याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव दिला. किती दिलं? सगळ्या अंशांचा गुणाकार सहा, सगळ्या छेदांचा ७६८०. सहाने भागून १/१२८०. आता त्या काळचं कोष्टक : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. वीस गुणिले चार गुणिले सोळा, बाराशे ऐंशी. म्हणजे एवढं सगळं करून दिली एक कवडी! वर्ग खदखदून हसला. इथे प्रत्येक पायरीला 'कशाचा?' बदलतो, पहिला भाग द्रम्माचा, पुढचा त्या भागाचा, पुढचा त्याच्याही भागाचा. इतकी लांब दानपत्रिका आणि हातात कवडी, हा विनोद भास्कराचार्यांनी छेदांतून रचला.

बेरजेसाठी इतिहासातलंच उदाहरण पाहिलं. १७१९ साली मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा पाव, सरदेशमुखी म्हणजे दशांश. एकाच महसुलातून दोन्ही, तेव्हा जोडता येतात, पण तुकडे वेगळ्या जातीचे. अंश-छेदांना पाचाने गुणून ५/२०, दोनाने गुणून २/२०. बेरीज ७/२०, म्हणजे शंभरात पस्तीस. १/४ + १/१० = २/१४ लिहिलं असतं तर सातवाच हिस्सा, नुसत्या चौथाईपेक्षाही कमी. कारकुनाची नोकरी गेली असती, असं एकाने ठरवून टाकलं.

१५ सप्टेंबर, रविवार

पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नई तालीम सेवाग्रामात रुजली. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे. सुताच्या मोजणीतच किती गणित! चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. एखाद्या मुलाने दिवसभरात ४०० तार काढले तर गुंडीचा केवढा भाग? ४००/६४०, ऐंशीने भाग देऊन ५/८. तिथे छेद पुस्तकाने दिलेला नव्हता, गुंडी पुरी व्हायला काय लागतं ते हाताला ठाऊक होतं. १६० झाले की पाव, ३२० झाले की निम्मी. अशा वर्गात १/८ मोठा की १/४, हे विचारायची वेळ आली नसावी.

टकळी घेऊन शिकवणं आज मला जमणार नाही, लेकरांच्या हाताला सूत माहीत नाही. त्यांच्या हाताला जे माहीत आहे, चाचणीचे गुण, गोळ्यांची पाकिटं, तुरीची तासं, ते घ्यायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल गणपतीचं विसर्जन, तरी आज छोटी चाचणी घेतलीच. बहुतेकांची बेरीज सुधारली आहे. तीन-चार जणांचं समच्छेद अजून डळमळतं, ते लसावि शोधताना अडतात, अपूर्णांकाशी नाही. त्यांचे पाढे आधी घ्यायचे.

दुसऱ्या प्रश्नात विचारलं होतं : १/२ आणि १/४ यांपैकी मोठा कोणता? कारण लिहा. एका वहीत उत्तर असं : 'कशाचा ते दिलं नाही. वर्ध्याचा पाव सावंगीच्या अर्ध्यापेक्षा मोठा.' दोनपैकी किती द्यावेत? शिक्षकखोलीत चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, शून्य, कारण विचारलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या म्हणाल्या, दोन, कारण विचारल्याहून जास्त सांगितलं. मी दोन दिले. पण सहकाऱ्याच्या शून्यातही तथ्य होतं, ते रात्री वह्या तपासताना पटत गेलं.

जवळजवळ तीन आठवडे मी 'कशाचा?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यात भरला. पोळीचा, शेताचा, महसुलाचा. पण १/२ हा नुसता कुणाचा तरी तुकडा नाही, तो एक आकडाही आहे. सात म्हटलं की आपण 'सात काय?' दर वेळी विचारत नाही. सात आठाच्या आधी येतो, हे पेन्सिलींशिवायही खरं. तसंच पाव अर्ध्याच्या आधी येतो, हेही पोळीशिवाय खरं असलं पाहिजे, नाहीतर १/२ + १/४ फळ्यावर लिहायलाच अर्थ उरत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

व्हरांड्यात खडूने लांब रेषा आखली. एका टोकाला ०, मग १, मग २, अंतर पावलांनी सारखं मोजून. हे पाचवीचं पुस्तक सोडून जरा पुढे जाणं होतं, पण वेळ आली होती. "इथे कशाचा भाग?" त्या दोन गुणवाल्याने लगेच विचारलं. "शून्यापासून एकापर्यंतच्या अंतराचा. एकदा ठरलं, आता बदलणार नाही." अर्ध्यावर एक जण उभा राहिला, पावावर दुसरा. मग २/४ आणि ४/८ ला बोलावलं, दोघे येऊन अर्ध्याच्याच जागी धक्काबुक्की करू लागले. नावं तीन, जागा एक. सममूल्य म्हणजे काय, हे त्या धक्काबुक्कीइतकं स्पष्ट मला कधी सांगता आलेलं नाही.

५/४ कुठे उभा राहणार, यावर बराच गोंधळ. पाव-पाव मोजत मुलगी चालू लागली : एक पाव, दोन पाव, तीन पाव, चार पाव म्हणजे एक, आणि आणखी एक पाव. एकाच्या पुढे गेली. "हे त सव्वा आहे!" कुणीतरी ओरडलं. दुकानातला सव्वा आणि वहीतला ५/४ एका जागी आले. ३/२ वर उभा राहायला 'दीड'ला हाक मारली, तर दोघं धावले.

तास संपताना त्या मुलाने विचारलं, "मंग आता कशाचा ते विचाराचं नाई का?" म्हटलं, विचारायचं, दर वेळी विचारायचं. गोळी घेताना, जमीन वाटताना, कोणी 'निम्मे लोक' म्हणाला तर हटकून. आणि उत्तर 'एकाचा' असं आलं, की मग पुढे बेधडक गणित करायचं. चाचणीतला तो प्रश्न पुढच्या वर्षीही शब्द न बदलता ठेवणार आहे.

सोमवारचं टाचण : दशांश चिन्हाची घाई नको. अजून दोन तास रेषेवरच, १/३ आणि १/५ यांच्या जागा शोधणं. १/३ ची जागा घडीवर घडी घालून सापडत नाही, दोरी लागेल. दोरी घरून न्यायची.